कार्बन डायऑक्साइड, ऊन आणि इंधन: प्रकाश-उत्प्रेरकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कॉलेजांतले एम.एस्सी.चे विद्यार्थी, नुकतेच पीएच.डी.ला लागलेले, विज्ञानाचे शिक्षक आणि अधूनमधून एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले पाच प्रश्न कुणालाही वाचता येतील. पुढचे प्रयोगशाळेत उभं राहून वाचायचे आहेत.

१. प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे काय? तो कार्बन डायऑक्साइडचं इंधन करतो म्हणजे नेमकं काय करतो?

बहुतेक वेळा तो अर्धवाहक असतो, पांढरी किंवा पिवळसर भुकटी. पुरेशा ऊर्जेचा फोटॉन शोषला गेला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि मागे धन प्रभाराची रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर येऊन कार्बन डायऑक्साइडला मिळाला, तर कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, मिथेनॉल असं काही तयार होतं. होलने पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतले, तर ऑक्सिजन सुटतो. दोन्ही बाजू चालल्या तरच चक्र पूर्ण होतं. एरवी बहुतेक जोड्या पृष्ठभागावर पोचण्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि शोषलेला प्रकाश नुसती उष्णता होऊन जातो.

कल्पना जुनी आहे. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. १९७९ मध्ये इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी पाण्यात मिसळलेल्या अर्धवाहकांच्या भुकट्यांवर कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल मिळवलं.

२. इतकी वर्षं झाली, मग अजून जमत का नाही?

कारण कार्बन डायऑक्साइड हा कार्बनचा जळून संपलेला अवतार आहे. त्याचं पुन्हा मिथेन करायचं तर दर मोलमागे किमान ८१८ किलोज्यूल घालावे लागतात, मिथेनॉलसाठी सुमारे ७०२, कार्बन मोनॉक्साइडसाठी २५७.

ऊर्जा सूर्य देईल, पण रसायनशास्त्र आडवं येतं. सरळ रेषेतल्या या रेणूला एकच इलेक्ट्रॉन द्यायला गेलं तर पीएच ७ ला उणे १.९ व्होल्ट लागतात. इतका जोर नेहमीच्या कुठल्याच अर्धवाहकात नसतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनसोबत, एकापाठोपाठ अनेक दिले तर काम हलकं होतं: कार्बन मोनॉक्साइडसाठी उणे ०.५३, मिथेनॉलसाठी उणे ०.३८, मिथेनसाठी उणे ०.२४ व्होल्ट. पण मिथेनला आठ इलेक्ट्रॉन लागतात आणि ते एकाच जागी, वेळेत जमवणं हीच खरी अडचण आहे. त्यात पाण्यातल्या प्रोटॉनला हायड्रोजन व्हायला दोनच इलेक्ट्रॉन आणि उणे ०.४१ व्होल्ट पुरतात. म्हणून पाण्यात केलेल्या बहुतेक प्रयोगांत हायड्रोजनच बाजी मारतो. शिवाय २५ अंशांना, एक वातावरण दाबाखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून विरघळतो तो लिटरमागे ३३ मिलिमोल.

३. गच्चीवर सोलर पॅनेलसारखं बसवलं तर स्वयंपाकाचा गॅस मिळेल का?

आज नाही. हिशेब करून बघा. पाण्यातून, बाहेरचं काही न घालता, ग्रॅममागे तासाला १० मायक्रोमोल मिथेन हा भुकटीच्या उत्प्रेरकासाठी चांगला आकडा मानला जातो. २५ अंशांना एक घनमीटर मिथेन म्हणजे ४०.९ मोल. एक किलो उत्प्रेरक घेतला आणि त्याच्या प्रत्येक कणाला सारखा प्रकाश मिळाला असं उदारपणे धरलं (तसा मिळत नाही), तर एक घनमीटर व्हायला ४,०९० तास लागतील. रोज सहा तास चांगलं ऊन धरलं तर ६८२ दिवस, आणि त्यात पावसाळा धरलेलाच नाही. त्या एका घनमीटर मिथेनमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. गच्चीवरचं एक किलोवॅटचं साधं सोलर पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं, म्हणजे तेवढी ऊर्जा अडीच दिवसांत.

तेव्हा सोसायटीच्या सभेत कुणी 'हवेतून गॅस'चं कोटेशन आणलं, तर आधी हा हिशेब समोर ठेवा.

४. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट वापरता येतो का? की ट्रॉम्बे-चेंबूरच्या चिमण्यांमधला घ्यावा?

हवेत तो सुमारे ०.०४ टक्के, आणि ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे पाचशेपट. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घ्यायला कितीतरी उत्सुक असतो, त्यामुळे हवा सरळ सोडली तर इलेक्ट्रॉन तिकडेच जातात. आधी कार्बन डायऑक्साइड वेगळा करावा लागतो आणि त्याला स्वतंत्र ऊर्जा लागते.

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो. प्रमाण बरं, पण सोबत उरलेला ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं येतात. सल्फर डायऑक्साइड पाण्यात आम्ल करतो आणि धातूच्या सहउत्प्रेरकाला (भुकटीवर मदतीला चढवलेल्या धातूच्या कणांना) विष ठरतो. सगळ्यात स्वच्छ आणि दाट कार्बन डायऑक्साइड मिळतो तो अमोनियाच्या कारखान्यात, कारण तिथे तो प्रक्रियेचाच भाग म्हणून वेगळा काढतात. मात्र जिथे युरियाही बनतो तिथे त्याला आधीच गिऱ्हाईक असतं. प्रयोगशाळेसाठी ९९.९९९ टक्के शुद्धतेचं सिलिंडर घ्या. सोडा-लिंबूपाण्याच्या यंत्राचं सिलिंडर जोडू नका. त्यातल्या तेलाच्या अंशापायी मिळणारे आकडे प्रश्न ११ मध्ये दिलेल्या फसवणुकीच्या यादीत जाऊन बसतात.

५. विज्ञान प्रदर्शनासाठी काही सोपं दाखवता येईल का?

इंधन नाही, पण प्रकाश-उत्प्रेरण दाखवता येतं. लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू, १०० मिलिलिटर द्रावणात ५० ते १०० मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड, ढवळत उन्हात ठेवा. तासाभरात रंग उतरू लागतो. सोबत एक भुकटीविना आणि एक काळ्या कागदात गुंडाळलेला ग्लास ठेवाच. भुकटी रंगाच्या दुकानातून आणू नका: रंगासाठीच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर मुद्दाम ॲल्युमिना किंवा सिलिकाचा थर दिलेला असतो, नाहीतर भिंतीवरचा रंगच खराब होईल. प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात टायटॅनियम डायऑक्साइडचं 'ॲनाटेज' हे स्फटिकरूप असं स्पष्ट सांगून मागा. आणि फलकावर 'कार्बन डायऑक्साइडचं इंधन' असं लिहू नका, ते इथे होत नाही.

६. सुरुवात कुठल्या उत्प्रेरकाने करावी?

दोन भुकट्या घ्या. पहिली पी२५, म्हणजे साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल असलेलं टायटॅनियम डायऑक्साइड, ग्रॅममागे सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभागाचं. ते टिकाऊ आहे आणि जगभर मापदंड म्हणून वापरतात, त्यामुळे तुमचं यंत्र बरोबर चालतंय का ते त्यावरून कळतं. ॲनाटेजचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात न्यायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ते ३८७ नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश शोषतं, आणि सूर्यप्रकाशात असा भाग जेमतेम ४-५ टक्के.

दुसरी ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. बँड गॅप २.७, ४६० नॅनोमीटरपर्यंत शोषण, आणि इलेक्ट्रॉनचा जोर टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा (पुढे नुसतं 'टायटॅनियम') बराच जास्त. किंमत जवळपास फुकट. तोटा एकच, पण मोठा: भुकटीतच कार्बन आहे (प्रश्न १२ पाहा).

कॅडमियम सल्फाइडने सुरुवात करू नका. ४२० नॅनोमीटरला आकडे छान येतात, पण होल त्याच्याच सल्फाइडला खातात आणि कॅडमियम द्रावणात उतरतं.

७. कार्बन नायट्राइड भट्टीत कसं करायचं? आमचं कधी पांढरं येतं, कधी तपकिरी.

झाकणाच्या ॲल्युमिना मुशीत ५ ग्रॅम मेलामाइन घ्या. मूस अर्ध्याहून जास्त भरू नका. झाकण नीट बसलं पाहिजे. उघड्या मुशीत बरंचसं मेलामाइन उडून जातं. मफल भट्टीत मिनिटाला ५ अंशांनी ५५० अंशांपर्यंत न्या, ४ तास ठेवा, मग दार न उघडता आपोआप थंड होऊ द्या. अमोनिया भरपूर सुटतो, म्हणून भट्टीचा धूर फ्यूम हूडमध्ये सोडलेला हवा. मिळालेला पिवळा गोळा कुटून गरम पाण्याने धुवा आणि ८० अंशांना वाळवा. वजन साधारण निम्मं भरतं. युरियापासून केलं तर पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो, पण १० ग्रॅम युरियातून अर्धा ग्रॅम हाती आला तरी पुष्कळ.

पांढरं आलं म्हणजे तापमान कमी पडलं आणि मेलेमच्या (मेलामाइन आणि कार्बन नायट्राइडच्या मधल्या संयुगाच्या) टप्प्यावर थांबलं. तपकिरी म्हणजे जास्त तापून नायट्रोजन उडाला. भट्टीच्या पडद्यावर ५५० दिसत असलं तरी मुशीपाशी ३०-४० अंशांचा फरक असू शकतो, म्हणून थर्मोकपल मुशीजवळ लावून एकदा तपासा. क्ष-किरण विवर्तनात २७.४ अंशांना मोठं आणि १३.१ अंशांना छोटं शिखर दिसलं की पुढे जा.

८. प्लॅटिनम चढवायचं तर किती?

वजनाने अर्धा ते एक टक्का. ५०० मिलिग्रॅम पी२५ वर एक टक्का म्हणजे ५ मिलिग्रॅम प्लॅटिनम. हेक्साहायड्रेट क्लोरोप्लॅटिनिक आम्लात ते ३७.७ टक्के असतं, म्हणून ते आम्ल १३.३ मिलिग्रॅम घ्या. २० टक्के मिथेनॉलच्या पाण्यात, ऑक्सिजन काढून, दोन तास अतिनील प्रकाशात ढवळा, भुकटी राखाडी होते.

प्लॅटिनम मिथेनला मदत करतं, पण हायड्रोजनला त्याहून जास्त, आणि ऑक्सिजन साठला की त्याच हायड्रोजनचं पुन्हा पाणी करतं. खरा धोका मात्र मिथेनॉलचा. नीट धुतलं नाही तर पुढे सापडणारा कार्बन मोनॉक्साइड त्याचाच असतो. पाण्याने निदान चार-पाच वेळा धुऊन, वाळवून, प्रश्न ११ मधली आर्गॉनची चाचणी पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

९. क्वार्ट्झचा रिॲक्टर लागतोच का? आणि दिवा कुठला?

३६५ नॅनोमीटर किंवा त्याहून लांब तरंगलांबीला बोरोसिलिकेट काच चालते. क्वार्ट्झ लागतं ते ३०० नॅनोमीटरच्या आतल्या प्रकाशासाठी, आणि तो प्रकाश सूर्यप्रकाशात जमिनीवर पोचतच नाही. त्यामुळे क्वार्ट्झवर पैसे घालण्याआधी चांगली गॅस-टाइट सिरिंज घ्या.

शिकण्यासाठी एलईडी उत्तम: ३६५ नॅनोमीटरचा टायटॅनियमसाठी, ४२० चा कार्बन नायट्राइडसाठी. एकच तरंगलांबी असल्याने प्रश्न १५ मधला हिशेब सरळ होतो. ३०० वॅटचा झेनॉन दिवा घेतला तर मध्ये पाण्याचा फिल्टर हवाच, नाहीतर अवरक्त किरणांनी द्रावण तापतं. दिव्याला उघड्या हाताने शिवू नका, वीज गेली तर पूर्ण थंड झाल्यावरच पुन्हा पेटवा. आयुष्य हजार तासांच्या आसपास धरतात, पण तीव्रता त्याआधीच घसरते. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी रिॲक्टरच्या जागी पॉवर मीटर ठेवून मिलिवॅट लिहून ठेवा.

१०. एक प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा चालतो?

१५० मिलिलिटरचा रिॲक्टर धरू. ५० मिलिलिटर अतिशुद्ध पाण्यात ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक, दहा मिनिटं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं). यापेक्षा जास्त भुकटी घालून फायदा नाही, पुढचे कण मागच्यांवर सावली धरतात. पीएच स्थिर हवा असेल तर ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेट वापरा (५०० मिलिलिटरला ४.२ ग्रॅम), कार्बन डायऑक्साइडने संपृक्त झाल्यावर त्याचा पीएच ६.८ राहतो, तर साध्या पाण्याचा ३.९ पर्यंत उतरतो.

मिनिटाला ५० मिलिलिटर वेगाने ३० मिनिटं कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा, झडपा बंद करा, अंधारात आणखी ३० मिनिटं ढवळत ठेवा आणि शून्य वेळेचा नमुना घ्या. हा नमुना टाळणारे पुढे रडतात. मग प्रकाश सुरू. दर तासाला ०.५ मिलिलिटर वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (जीसी, वायू वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) टाका आणि काढलेल्या वायूची भरपाई हिशेबात धरा. वरची मोकळी जागा १०० मिलिलिटर असेल तर १० पीपीएम म्हणजे ०.०४१ मायक्रोमोल, चार तासांत एवढंच झालं तर दर ग्रॅममागे तासाला ०.२ मायक्रोमोल. यावरून कळेल, जीसीची शोधमर्यादा १० पीपीएम असेल तर तुम्ही काय शोधू शकत नाही.

जीसीवर हायड्रोजन आणि ऑक्सिजनसाठी टीसीडी (उष्णतावाहकतेवरून वायू ओळखणारा शोधक), वाहक वायू आर्गॉन. हेलियम वापरलं तर हायड्रोजनचं शिखर दिसेनासं होतं, कारण दोघांची उष्णतावाहकता जवळपास सारखी. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनसाठी एफआयडीच्या (ज्योतीवर चालणाऱ्या शोधकाच्या) आधी मिथेनायझर, जो कार्बन मोनॉक्साइडचं मिथेन करतो. मॉलिक्युलर सीव्ह स्तंभात कार्बन डायऑक्साइड शिरू देऊ नका, तो तिथे अडकून बसतो आणि महिन्याभरात शिखरं सरकू लागतात. झडपेने तो आधीच्या पोरापॅक स्तंभावरूनच बाहेर वळवा.

११. आमच्या प्रयोगात कार्बन मोनॉक्साइड मिळाला. आता पेपर लिहायचा?

थांबा. तो कार्बन कुठून आला हे आधी ठरवा. या विषयात हाच एक प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा चुकतो, आणि त्यासाठी लबाडी लागत नाही, घाई पुरते.

सूक्ष्म प्रमाणातलं उत्पादन म्हणजे एक-दोन मायक्रोमोल. तेवढा कार्बन सेप्टमच्या (सुई टोचायच्या बुचाच्या) रबरात, व्हॅक्यूम ग्रीसमध्ये, धुतल्यानंतर उरलेल्या ॲसिटोनमध्ये, नॅनोकणांभोवतीच्या ओलेइक आम्लात, सोल-जेल पद्धतीत उरलेल्या अल्कोक्साइडमध्ये सहज असतो. ग्राफीन ऑक्साइड तर अतिनील प्रकाशात स्वतःच कार्बन मोनॉक्साइड सोडतं. पृष्ठभागावरचा उरलेला कार्बन टायटॅनियमवर उत्पादन असल्याचा भास कसा निर्माण करतो, हे २०१० मध्ये समस्थानिकांच्या साह्याने दाखवलं गेलं आणि त्यानंतर अनेकांना आपले जुने आकडे पुन्हा तपासावे लागले.

किमान चार चाचण्या करा. अंधारात. उत्प्रेरकाविना. कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन घेऊन, बाकी सगळं तेच. आणि समस्थानिकांची, म्हणजे कार्बन-१३ चा डायऑक्साइड सोडून तोच कार्बन उत्पादनात येतो का ते पाहायची (प्रश्न १२). यातली आर्गॉनची चाचणी विद्यार्थी सर्वांत जास्त टाळतात, आणि तीच सर्वांत जास्त बोलते. आर्गॉनमध्येही निम्मं उत्पादन आलं तर उरलेलं निम्मं खरं, असं समजू नका. वायू आणि त्यासोबत आम्लता बदलल्याने अशुद्धीचं विघटनही बदलतं. आधी स्वच्छता करा: पी२५ हवेत ४०० अंशांना चार तास, मग दमट आर्गॉनमध्ये रात्रभर प्रकाश, कार्बन मोनॉक्साइड शोधमर्यादेखाली जाईपर्यंत.

१२. कार्बन-१३ ची चाचणी महाग पडते. करावीच लागते का?

उत्प्रेरकात किंवा द्रावणात कार्बन असेल तर हो, पर्याय नाही. कार्बन नायट्राइड, एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची जाळीदार संयुगं), रंगद्रव्य चढवलेले उत्प्रेरक, सगळे यात आले. एकच प्रयोग, लहान रिॲक्टर, कमी वायू, अशी बचत करा.

जीसी-एमएसवर (रेणूंचं वस्तुमानही मोजणाऱ्या जीसीवर) कार्बन-१३ चा कार्बन मोनॉक्साइड वस्तुमान २९ वर आणि मिथेन १७ वर येतो. तीन ठिकाणी फसवणूक होते. एक, कार्बन-१३ चा डायऑक्साइड तुटूनही २९ चा तुकडा देतो. म्हणून ज्या वेळेला कार्बन मोनॉक्साइड स्तंभातून बाहेर पडतो त्याच वेळेचा २९ मोजा. दोन, पाण्याचा तुकडाही १७ वर असतो. तीन, हवेची गळती असेल तर नायट्रोजन २८ वर उभा राहून साध्या कार्बन मोनॉक्साइडचा आव आणतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे बरे-चांगले निकाल लोक फेकून देतात. द्रावणात साधं बायकार्बोनेट असेल तर त्याचा कार्बन वायूतल्या कार्बनशी अदलाबदल करतो. प्रश्न १० च्या रिॲक्टरमध्ये ५० मिलिलिटर ०.१ मोलर बायकार्बोनेट म्हणजे ५ मिलिमोल साधा कार्बन. वायूत आणि द्रावणात मिळून कार्बन-१३ सुमारे ५.७५ मिलिमोल. म्हणजे सगळं खरं असूनही उत्पादनात कार्बन-१३ निम्म्याच्या थोडा वर, ५३ टक्क्यांच्या आसपास दिसेल. चाचणीला शुद्ध पाणी घ्या किंवा कार्बन-१३ चंच बायकार्बोनेट.

१३. ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की उत्पादन कितीतरी पट वाढतं. मग ते का वापरू नये?

वापरा, पण ते काय आहे ते ओळखून. ते होल गिळतं आणि इलेक्ट्रॉन मोकळे करतं. १९८३ साली हॉवेकर, लेन आणि झीसेल यांनी रेनियमच्या बायपिरिडीन संयुगाने कार्बन मोनॉक्साइड मिळवला, तोही डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये ट्रायइथेनॉलअमाइन घालूनच. क्षपणाची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन देण्याची, बाजू वेगळी काढून अभ्यासायला ही पद्धत योग्य आहे. पण मग जळतंय ते अमाइन, पाणी नव्हे, आणि त्याला सौर इंधन म्हणणं म्हणजे वाण्याच्या उधारीवर घर चालवून त्याला कमाई म्हणणं.

मिथेनॉल तर या कामाला घेऊच नका. त्याचं ऑक्सिडेशन होऊन फॉर्माल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल, कार्बन मोनॉक्साइड बनतात, म्हणजे नेमकं जे शोधायचं तेच.

१४. ऑक्सिजन दिसतच नाही. किंवा दिसतो, पण भलताच जास्त.

किती दिसायला हवा ते आधी काढा. समजा चार तासांत कार्बन मोनॉक्साइड २, मिथेन ०.५ आणि हायड्रोजन ४ मायक्रोमोल मिळाला. इलेक्ट्रॉन अनुक्रमे ४, ४ आणि ८, एकूण १६. ऑक्सिजनला दर रेणूमागे चार लागतात, म्हणून ४ मायक्रोमोल अपेक्षित. निवडक्षमताही इलेक्ट्रॉनवरच मोजा: इथे कार्बनच्या वाट्याला ५० टक्के गेले. नुसते मोल मोजले तर ३८ टक्के येतात आणि मिथेनवर अन्याय होतो.

जास्त दिसला तर नायट्रोजनकडे पाहा. हवेत ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर ०.२७ असतं, तेवढंच आलं तर सेप्टम गळतोय. दहा-बारा टोचण्यांनंतर तो बदलावाच लागतो. कमी दिसला तर ऑक्सिजन टायटॅनियमच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइड रूपात अडकलेला असू शकतो, किंवा होल पाण्याऐवजी अशुद्धी खात आहेत. दुसरी शक्यता कितीतरी जास्त आढळते.

१५. क्वांटम यील्ड कसं काढायचं?

म्हणजे दर शंभर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन उत्पादनात गेले ते. काढायचं एका तरंगलांबीला, आणि आत पडलेल्या सगळ्या फोटॉनवर. ४२० नॅनोमीटरला एक मोल फोटॉन म्हणजे २८४.८ किलोज्यूल. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट, खिडकी ४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तासाला १४४ ज्यूल, म्हणजे ५०६ मायक्रोमोल फोटॉन. तासाला ०.५ मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड झाला तर इलेक्ट्रॉन १ मायक्रोमोल. यील्ड ०.२ टक्के.

ग्रॅममागचा दर मात्र दोन प्रयोगशाळांत तुलनेला निरुपयोगी आहे. भुकटी निम्मी केली की तो आकडा जवळपास दुप्पट करता येतो.

१६. पहिल्या तासात भरपूर, तिसऱ्या तासात जवळपास काहीच नाही. उत्प्रेरक मेला का?

कधीकधी. जास्त वेळा पृष्ठभागावरची अशुद्धी संपलेली असते. भुकटी गाळून, वाळवून पुन्हा वापरा. दुसऱ्या फेरीचा पहिला तासही शून्यच आला तर अशुद्धीचाच संशय पक्का करा (प्रश्न ११). पहिला तास पुन्हा जोरात आला तर ऑक्सिजन साठल्याने उलट प्रक्रिया होत असेल; चालू प्रवाहाचा रिॲक्टर वापरून पाहा. तांबं असेल तर त्याचं ऑक्सिडेशन होऊन रंग बदलतो, तो डोळ्यांनीही दिसतो.

१७. मिथेनॉल किंवा फॉर्मिक आम्ल जीसीवर येत नाही. झालंच नाही असं समजायचं का?

फॉर्मिक आम्ल एफआयडीला जवळपास दिसत नाही. त्यासाठी आयन क्रोमॅटोग्राफ, किंवा पाण्याचं शिखर दाबून घेतलेला प्रोटॉन एनएमआर: फॉर्मेट ८.४४ ला, मिथेनॉल ३.३४ ला. स्वतःचं उपकरण नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण-केंद्रात शुल्क भरून बाहेरच्यांनाही नमुने देता येतात. आणि मिथेनॉलच्या शिखरावर नाचण्याआधी भांडी कशाने धुतली ते विचारा.

१८. पावसाळ्यात आकडे बदलतात. उपकरण बिघडलं का?

बहुधा नाही. जून ते सप्टेंबर मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. थंड पाण्याचं अभिसरण १५ अंशांवर ठेवलं तर रिॲक्टरच्या काचेवर बाहेरून दव धरतं आणि प्रकाश विखुरतो. ते २५ ते २८ वर ठेवा, किंवा काचेवर कोरड्या हवेचा झोत सोडा. जीसीच्या वायूनळ्यांवरचे ओलावा-सापळे या दिवसांत लवकर भरतात. भुकटी डेसिकेटरमध्ये ठेवली नाही तर तुम्ही मोजलेल्या ५० मिलिग्रॅमांत काही मिलिग्रॅम पाणी असतं. वायू-टप्प्यातल्या प्रयोगांत हे सगळ्यांत जास्त जाणवतं.

उलट मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत द्रावण ३५ अंशांना गेलं, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ३३ वरून २६ मिलिमोलवर येतो. गच्चीवरचे प्रयोग नोव्हेंबर ते मे ठेवा, आणि त्या दिवशीचं ऊन मोजूनच लिहा.

१९. धोका किती?

१० मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड म्हणजे पाव मिलिलिटर, त्याने काही होत नाही. धोका आहे तो कॅलिब्रेशनच्या सिलिंडरचा आणि बंद एसी खोलीत गळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. दोन्हींसाठी अलार्म लावा, सिलिंडर साखळीने बांधा. अतिनील एलईडीकडे बघताना साधा चष्मा पुरत नाही, त्या तरंगलांबीचा गॉगल लागतो.

२०. सोलर पॅनेलच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवणं जास्त बरं नाही का?

आज इंधन हवं असेल तर हो. आइसलँडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या, रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांच्या नावाच्या कारखान्यात विजेपासून हायड्रोजन करून, तांबं-जस्त उत्प्रेरकावर कार्बन डायऑक्साइडपासून वर्षाला काही हजार टन मिथेनॉल केलं गेलं. भुकटीच्या पद्धतीतलं मोठं उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये जपानमध्ये मांडलेला १०० चौरस मीटरचा संच. तोही फक्त हायड्रोजनचा, आणि कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के.

भुकटीच्या बाजूने एकच मुद्दा आहे, पण तो वजनदार आहे: तारा, इन्व्हर्टर, इलेक्ट्रोलायझरमधले पडदे (मेम्ब्रेन) काहीच लागत नाही. म्हणून कार्यक्षमता काही टक्क्यांवर गेली तरी किमतीचं गणित बदलू शकतं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरने २०१९ मध्ये सोन्याच्या नॅनोकणांचं 'काळं सोनं' सादर केलं, जे दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचा मोठा पट्टा शोषतं. पवईला आयआयटीत कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे.

२१. आम्ही रिॲक्टरमध्ये हायड्रोजन सोडतो, झेनॉन दिवा लावतो आणि मिथेन हजारपट येतो. हेही सौर इंधनच ना?

कार्बन डायऑक्साइड आणि चार हायड्रोजनपासून मिथेन ही सबातिए प्रक्रिया उताराची आहे, उष्णता देणारी, मोलमागे १६५ किलोज्यूल. म्हणजे मिथेनमधली ऊर्जा हायड्रोजनकडून आली. प्रकाशाने वेग वाढवला, साठा केला नाही. उपयोगी आहे, पण पाण्यातून केलेल्या आकड्यांशेजारी त्याच तक्त्यात मांडू नका.

दुसरं, काळ्या भुकटीचा पृष्ठभाग एकवटलेल्या प्रकाशात सहज शंभर अंशांच्या वर जातो. थर्मोकपल वायूत लोंबकळत ठेवलं तर ते कळत नाही. त्याचं टोक थरात रुतलेलं हवं, आणि वरच्या काही दशांश मिलिमीटरचं तापमान त्याहूनही जास्त असतं. दिवा बंद करून थर त्याच तापमानाला बाहेरून तापवा. उत्पादन तेवढंच आलं तर तुम्ही महागडी भट्टी चालवत होता. प्रकाशात ठळकपणे जास्त आलं, तर वेगवेगळ्या तीव्रतेला दर मोजा. तीव्रतेच्या सरळ प्रमाणात वाढला तर इलेक्ट्रॉनांचं काम असण्याची शक्यता जास्त. घातांकी चढला तर तापमानाचं. मधलं काही आलं तर दोन्ही असतात, आणि तसंच लिहावं लागतं.